पद्मिनीचे माहेरपण

कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली एक जुनी फियाट पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा कुर्ल्यात आली. सीटवर गंजाचे डाग होते. ते काढायचे म्हणून आलेल्या भावंडांना इथल्या गल्लीत वेगळेच काही कळले.

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला कुर्ल्याचा सी. एस. टी. रोड म्हणजे छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे जाणारा रस्ता वाटतो. त्याचा त्या स्थानकाशी काही संबंध नाही. हे सी. एस. टी. म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ ते १९३४ या काळात साष्टीच्या मधल्या भागातून अंधेरी आणि ट्रॉम्बे यांना जोडणारा एक छोटा लोहमार्ग होता. रूळ गेले, गाडी गेली, नाव मात्र रस्त्याला चिकटून राहिले.

जुन्या गोष्टी सहजासहजी न सोडणे हा या रस्त्याचा स्वभावच असावा. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाताना दोन्ही बाजूंना मोटारींचे अवयव मांडलेले दिसतात. कुठे दरवाज्यांची चळत, कुठे खुंटीला टांगलेली बंपरांची माळ, कुठे दिव्यांच्या काचांचे ढीग. मोडीत निघालेल्या गाड्या इथे येतात, सुट्या होतात आणि भागाभागाने दुसऱ्या गाड्यांत जगत राहतात. वेल्डिंगच्या ठिणग्या, हातोडीचे घाव, टपरीवरचा कटिंग चहा आणि सगळ्यावर तरंगणारा ग्रीसचा वास. पर्यटनाच्या नकाशावर ही जागा नाही. पण मुंबई काय टाकते आणि काय जपते, हे पाहायचे तर इथे एक दुपार घालवावी.

कुर्ल्याची लेक

मोटारीचे आणि कुर्ल्याचे नाते तसे जुने. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी आधी जहाजे, मग विमाने आणि त्यानंतर मोटारी भारतात तयार व्हाव्यात असा ध्यास घेतला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्यात कारखाना उभा केला. इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि ११०० या मॉडेलने मध्यमवर्गाच्या मनात घर केले. पुढे १९७४ साली या गाडीला चितोडच्या राणीचे नाव मिळाले, प्रीमियर पद्मिनी. नाव बदलले तरी घरोघरी ती 'फियाट'च राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढच्या दारांना त्रिकोणी काचा. नोंदणी करून काही वर्षे वाट पाहावी, तेव्हा कुठे ती दारात यायची.

मुंबईने तिला काळा-पिवळा रंग देऊन टॅक्सी केले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आता उरल्या त्या घरगुती पद्मिनी. कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या वाड्यात, तर कुणाच्या इमारतीखाली ताडपत्रीत गुंडाळलेल्या.

अशीच एक मुलुंडहून आली. २०२४ च्या एप्रिलअखेरीस एका टोइंग गाडीला बांधून, लालबहादूर शास्त्री मार्गाने सरळ. तिची नोंदणी डिसेंबर १९७४ ची, म्हणजे पन्नास वर्षे पुरी व्हायला आठ महिने उरलेले. सोबत भाऊ-बहीण होते. गाडी घरी आली तेव्हा बहीण आठ वर्षांची होती. भाऊ गाडीहून वर्षभराने लहान. वडिलांच्या पश्चात पाच-सहा वर्षे गाडी ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्री काढली तेव्हा रंग बरा निघाला, पत्राही फारसा सडलेला नव्हता. पण दार उघडताच कुबट वास आला, आणि फिक्या बदामी रंगाच्या रेक्झिनवर तांबूस-तपकिरी डाग दिसले. शिलाईच्या रेषांवर, कडेच्या गोटावर, आणि मागच्या सीटच्या ऐन मध्यभागी एक, रुपयाएवढा.

भावाचे म्हणणे सरळ होते. सगळे रेक्झिन फाडून नवे चढवावे. दोन दिवसांचे काम, शिवाय चकचकीत. बहिणीला ते पटत नव्हते. शाळेच्या सुट्टीत कोकणात जाताना ज्या सीटवर डोके टेकून झोप लागायची, ती सीट तिला तशीच हवी होती. घरी तिने लिंबू आणि मीठ लावून पाहिले होते. पहिल्या दिवशी डाग फिका झाला. आठवड्याने तो परत आला, आणि पहिल्याहून मोठा होऊन आला.

डाग खबर देतो

सी. एस. टी. रोडच्या एका आडगल्लीत कुशनचे काम करणाऱ्यांची दुकाने आहेत. मोटारीच्या गाद्या, दारांची आतली पॅनेले, छताचे अस्तर, सगळे इथे शिवून मिळते. त्यातल्या एका दुकानात सत्तरीचे एक कारागीर बसतात. गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात. पायाने चालणारे जाड शिलाई मशिन, कात्री, सुतळीचे रीळ आणि कानावर खोचलेला निळा खडू एवढा त्यांचा संसार.

चाचांनी सीटवर हात फिरवला. डागाला बोट लावले नाही. खाली वाकून आधी पायाखालची चटई उचलली, मग पुढच्या काचेच्या कडेचे रबर नखाने दाबून पाहिले. रबर दगडासारखे कडक झाले होते.

"ताई, लिंबू-मीठ लावलं होतं ना?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला कसं कळलं, चाचा?"

"कडेला पांढरी रेघ आहे, मिठाची. लिंबानं डाग गेला. पण मिठाचं पाणी शिलाईच्या भोकांतून खाली गेलं, स्प्रिंगवर. लोखंडाला मीठ म्हणजे जखमेला मीठच."

हे साधे वाक्य समजून घेण्यासारखे आहे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर तो कितीतरी वेगाने चढतो. मुंबईत समुद्राची खारट हवा बाराही महिने, आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. त्या काळच्या मोटारींच्या गादीत तळाला स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, मग काथ्या किंवा कापूस आणि सर्वांत वर रेक्झिन अशी रचना असे. काथ्या आणि गोणपाट पाणी पितात आणि दिवसचे दिवस धरून ठेवतात. स्प्रिंग त्या ओलीत गंजते. गंज पाण्याबरोबर वर चढतो आणि शिलाईच्या भोकातून बाहेर डोकावतो.

म्हणजे घरमालकाला दिसतो तो डाग हा शेवट असतो. त्याची सुरुवात फूटभर खाली, आणि कधी कधी चार फूट लांब काचेच्या रबरात झालेली असते.

"डाग दुश्मन नाही," चाचा म्हणाले. "डाग खबर देतो. खबर घेऊन येणाऱ्यालाच मारलं, तर पाणी कुठून येतं ते सांगणार कोण?"

भाऊ म्हणाला, "पण चाचा, नवं रेक्झिन टाकलं तर हा प्रश्नच संपला ना?"

"दादा, नवं टाकतो मी. मला पैसे जास्तच मिळतील. दोन पावसाळ्यांनी त्याच्यावरही हाच डाग येईल. मग या परत."

गादी उघडली तेव्हा

दुसऱ्या दिवशी सीट बाहेर काढून फळीवर उलटी ठेवली गेली. तारेच्या कड्या पकडीने एक एक उघडल्या आणि रेक्झिनची खोळ अलगद सुटी झाली. आतले गोणपाट हात लावताच पिठासारखे झडले. काथ्याचा थर खालून काळा पडलेला. बहुतेक स्प्रिंगांवर वरवरचा गंज होता, चार मात्र झिजून तारेएवढ्या झाल्या होत्या. त्या चार नेमक्या शिलाईवरच्या मोठ्या डागांखाली होत्या.

स्प्रिंगांचा सांगाडा मागच्या अंगणात गेला. तारेच्या ब्रशने घासून गंज काढला, घासलेटच्या फडक्याने पुसला, वाळवला आणि रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग चढवला. मोडक्या चार स्प्रिंगांच्या जागी तशाच चार हव्या होत्या. त्या शोधायला लांब जावे लागले नाही. समोरच्या रस्त्यावर मोडीत निघालेल्या टॅक्सीची सीट पडली होती. आयुष्यभर अनोळखी माणसांना वाहून नेणाऱ्या एका पद्मिनीच्या चार स्प्रिंगा घरगुती पद्मिनीत आल्या.

मग खोळीची पाळी. चाचांनी वरच्या बाजूने नव्हे, तर मागच्या बाजूने सुरुवात केली. रेक्झिनला मागून सुती कापड असते, आणि गंज मुरलेला असतो तो त्या कापडात.

गंजाच्या डागावर साबण का चालत नाही, हा अनेक गृहिणींचा प्रश्न असतो. साबण तेलकट मळ काढतो, गंज मात्र पाण्यात विरघळत नाही. तो विरघळतो आम्लात. म्हणून आजीच्या लिंबाला यश येते. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे द्रावण मात्र चुकूनही लावू नये. त्याने गंज निघत नाहीच, उलट डाग पक्का होतो आणि कापड विरते.

चाचांची पद्धत अशी. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व, म्हणजे बाजारात मिळणारे सायट्रिक अॅसिड. मीठ नाही. आधी ते आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून रंग उतरतो का ते पाहायचे. मग पांढऱ्या फडक्याची घडी त्यात भिजवून, पिळून डागावर ठेवायची. दहा-पंधरा मिनिटांनी उचलली की फडक्यावर पिवळसर छटा उतरलेली दिसते. जागा स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा नवी घडी ठेवायची. घासायचे नाही, टिपायचे. टिपताना कडेकडून मध्याकडे यायचे, नाहीतर डाग पसरतो. तीन-चार वेळा असे झाले की चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने शेवटचा हात, म्हणजे उरलेले आम्ल मरते. त्यावर पुन्हा साधे पाणी आणि पंख्याखाली पूर्ण वाळवणी. कडक उन्हात रेक्झिन ताठ होते आणि पुढे तडकते.

एका जुन्या हट्टी डागाला चाचांनी ऑक्झॅलिक अॅसिड वापरले. संगमरवराला झिलई करणारे कारागीर ते वापरतात. ते गंजाला लिंबाहून लवकर विरघळवते, पण ते विषारी आहे. हातात रबरी मोजे, उघडी हवा, मुले दूर, आणि नंतर भरपूर पाण्याने धुणे. घरच्या घरी ते न वापरलेलेच बरे.

आणखी एक ताकीद त्यांनी दिली, ती भांडी घासायच्या लोखंडी काथ्याची. त्याने डाग खरवडू नये. त्याचे बारीक तंतू कापडात अडकतात आणि पहिल्या ओलीत स्वतःच गंजतात. एक डाग काढायला जावे आणि पन्नास पेरून यावे, अशी गत होते.

संस्थानिकांच्या मोटारींत असे, तसे कातडी आसन असेल, तर हा सारा प्रकार वर्ज्य. आम्लाने कातडे कोरडे पडून भेगाळते. शिवाय झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्यात टॅनिन असते. त्याला लोखंडाची ओल लागली की डाग तांबडा न होता निळसर काळा होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत, ती याच गुणावर. कातड्यावर पडलेला असा डाग म्हणजे एका अर्थी शाईच, आणि तो जाणकाराच्याच हाती द्यावा.

रुपयाएवढा डाग

मधला रुपयाएवढा डाग मात्र कोड्यात टाकत होता. त्याच्या खालची स्प्रिंग धडधाकट होती. चाचांनी खोळ उजेडाकडे धरली. मागच्या कापडाला तिथे एक छोटी चीर होती आणि ती बारीक टाक्यांनी रफू केलेली. रफूच्या कडेला, कापडाच्या दुमडीत, गंजून काळी पडलेली एक सेफ्टी पिन.

"हे काम कुशनवाल्याचं नाही," चाचा म्हणाले. "हे घरचं काम आहे."

बहिणीने टाके ओळखले. तिची आई ब्लाउजला असेच टाके घालायची. कधीतरी सीट उसवली असणार, आईने खोळ थोडी उचलून आतून शिवली असणार, आणि शिवताना धरायला लावलेली पिन काढायची राहून गेली असणार. आई जाऊन अठरा वर्षे झाली होती.

चाचांनी पिन काढून तिच्या हातावर ठेवली. "पिन काढावीच लागेल, ताई. ती राहिली तर डाग वाढेल. बाकी टाके मजबूत आहेत, ते मी उसवत नाही."

डागावर दोन घड्या ठेवून झाल्या. तिसरी ठेवण्याआधी बहिणीने हात पुढे केला. "राहू द्या, चाचा. एवढा चालेल."

भाऊ काही बोलला नाही. बाहेर जाऊन तीन चहा सांगून आला.

पाण्याची वाट

खोळ परत चढली. आत नवे गोणपाट, नवा काथ्या. भावाने सीटवर प्लास्टिकचे आवरण घालायचे सुचवले, तेव्हा चाचांनी मान हलवली. शोरूममधले प्लास्टिक वर्षानुवर्षे न काढण्याची आपल्याकडची सवय गाद्यांना मारक आहे. प्लास्टिक बाहेरचे पाणी अडवते तसे आतली ओलही कोंडून ठेवते. मुलुंडच्या ताडपत्रीनेही हेच केले होते. गाडी झाकायचीच तर हवा खेळेल अशा सुती कापडाने झाकावी.

त्यानंतर पाण्याची वाट शोधणे. पुढच्या काचेचे रबर बदलले. दारांच्या तळाशी पाणी निचरायला बारीक भोके असतात. ती पानांच्या चुऱ्याने आणि मातीने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. पायाखालच्या पत्र्याला एके ठिकाणी सुईएवढे छिद्र होते, तिथे पत्र्याचा तुकडा जोडला. या कामाला सीटपेक्षा जास्त दिवस लागले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

पाण्याचा विषय निघाला की कुर्ल्यात एक तारीख निघतेच. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जवळून वाहणारी मिठी नदी रस्त्यावर आली, आणि कुर्ला-कलिन्यात मोटारी छपरापर्यंत बुडाल्या. चाचांच्या दुकानातही पाणी शिरले होते. "त्यानंतर वर्षभर हाच धंदा होता," ते सांगतात. "लोक म्हणायचे, चाचा, वरून पुसून द्या. मी म्हणायचो, आधी उघडू द्या. ज्यांनी उघडू दिलं, त्यांच्या गाद्या वाचल्या."

दरम्यान भावाने नियमही पाहून ठेवले होते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू केली. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. सीटचे रेक्झिन बदलल्याने कायद्याने काही अडत नाही. पण जुन्या मोटारींच्या स्पर्धांत मूळ वस्तूची किंमत नव्या चकचकाटापेक्षा जास्त असते. एक मेख मात्र आहे. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरात चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे मान हवा की कोकण, हे डिसेंबरपर्यंत भावंडांना ठरवायचे होते.

मेच्या मध्यावर गाडी निघाली. ज्या कारखान्यात ती तयार झाली, तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या बाजूने ती मुलुंडकडे गेली तेव्हा गल्लीतली चार पोरे कोपऱ्यापर्यंत मागे धावली. निघताना चाचांनी पैसे मोजून घेतले आणि सांगितले, "पहिला मोठा पाऊस झाला की गाडी घेऊन या. काम नाही, फक्त बघायचं आहे."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भावंडे परत आली. गल्लीत घोटाभर पाणी होते. चाचांनी छत्री बाजूला ठेवली, दार उघडले आणि डागांकडे न पाहता चटईखाली हात घातला. डावीकडे कोरडे. मागे कोरडे. उजवीकडे, चालकाच्या पायापाशी, बोटांना किंचित ओल लागली.

"त्रिकोणी काच," ते म्हणाले. "तिचं रबर राहिलं. उद्या बसवून टाकू."

भावाने विचारले, "आजच नाही होणार, चाचा?"

"आज पाऊस आहे, दादा. रबर कोरड्यावरच बसतं."

बहीण मागच्या सीटवर, त्या फिकट डागाशेजारी बसली होती. गाडी रात्रभर कुर्ल्यात राहणार हे ऐकून तिने खिडकीची काच नीट वर केली, आणि तिघे चहाच्या टपरीकडे निघाले.